पट्टी परत करायला नागपूरला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रोवणा (भाताची लावणी). मिळून म्हणजे सुमननं, माझ्या बायकोनं, रोवायचं आणि गुडघे गेलेल्या मी धुऱ्यावर (बांधावर) बसून चुका काढायच्या.

तिच्या तळपायाला साखरेच्या आजाराची जखम होती. नागपूरच्या दवाखान्यानं तिच्यावर पट्टी चिकटवली होती. आत टिकलीएवढं यंत्र. ते जखमेची गरमी नि ओल मोजून मोबाईलवरून डॉक्टरला कळवायचं. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे धावत या. पट्टी भिजवू नका, काढून ठेवू नका, असं नर्सनं बजावलं होतं. पाय भिजवू नका हे सांगायचं राहिलं असेल. मोठी माणसं, कामं फार.

धुऱ्यावर सुमननं पट्टी काढून माझ्या पोटरीला लावली.

"हे काय करून राहिली?"

"महागाची वस्तू हाये, चिखलानं खराब होईन. तुमी तं बसूनच राहता. राहू द्या तुमच्या पायाले."

पायाला खताची पिशवी बांधून ती चिखलात उतरली. मी बसून राहिलो.

आठ दिवस दवाखान्यातून फोन यायचा, जखम छान सुकते आहे. सुकणारच. माझ्या पोटरीला जखम होती कुठं? नवव्या दिवशी तिला हुडहुडी भरली. भंडाऱ्याला नेईपर्यंत विष अंगभर झालं होतं. तिथंच ती गेली.

महिन्याभरानं निरोप आला, यंत्र परत करा. यंत्र द्यायचं आणि ते कोणाच्या पायावर होतं तेही सांगून टाकायचं, असं ठरवून मी पट्टी डब्यात घातली आणि आमच्या करडीहून गाडीत बसलो.

भंडाऱ्याच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री (चण्याचा तिखट रस्सा) मोठी सोयीची. डोळ्यांतून पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नाही.

जवाहरनगरच्या फाट्यावर तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतला एक निवृत्त माणूस चढला.

"जय भीम, काका. डब्यात काय घेऊन चालले?"

"बायकोच्या जखमेची पट्टी."

नुकताच उघडलेला आपला डबा त्यानं परत लावला.

दवाखान्याचं काचेचं दार मला पाहून आपोआप उघडलं. मागून कुत्रं आलं, त्यालाही उघडलं. यंत्राला समोर कोण आहे ते कळत नाही, हे मला आधीच ठाऊक होतं.

डॉक्टरबाईनं पडद्यावर हिरवी रेघ दाखवली. "काका, काकूंची जखम भरत आली होती. ताप दुसऱ्याच कशानं आला असेल. तुमची काही चूक नाही. ही रेघ आम्ही बाकीच्या पेशंटना दाखवतो."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. सही केली, चहा प्यालो, निघालो.

बाहेर बाकावर तशीच पट्टी लावलेली एक बाई कण्हत होती. तिचा नवरा मोबाईल तिच्या तोंडापुढं धरून म्हणत होता, "हिरवं हाये न? मंग काहून रडून राहिली?"

मी तिथूनही निघालो.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी तर एका दिवसात निर्दोष होऊन आलो, तेही एसटीच्या अर्ध्या तिकिटात. घरी आल्यावर भात टाकला. तो खाल्ला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं परत नागपूरला गेलो. डॉक्टरबाईला म्हटलं, "बाई, ते हिरवं कोणाले दाखवू नका. तो पाय माहा होता."