चाळणीखालचा झाडबेडूक

सासूबाई हल्ली विसरायच्या. एकदा घरातून निघाल्या त्या थेट डोंगरीच्या बसमध्ये सापडल्या. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. ह्यांना ऑफिस होतं, मला सासूबाई होत्या.

त्याआधी रविवारी मी कॅमेरा घेऊन राई गावच्या शेतात जायचे, बेडकांचे जवळून फोटो काढायला. बिल्डिंगभर माझी चेष्टा व्हायची. व्हायची तर होऊ दे. पण आता तेही बंद. "आईकडे कोण बघणार?" हे विचारायचे, जसं काही उत्तर मी लपवून ठेवलंय.

त्या पावसाळ्यात बेडूकच घरी आला. बाथरूमच्या टाइल्सवर झाडबेडूक चिकटला होता, अंग दुधाच्या चहाच्या रंगाचं, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. राईला इतकी वणवण केली तेव्हा दिसला नव्हता मेला. अलगद उचलून मी तो खिडकीत ओल्या फडक्यावर ठेवला, वर पिठाची चाळणी पालथी घातली आणि कॅमेऱ्याला लेन्स उलटी लावली. उलट्या लेन्समधून नखाएवढी वस्तू भलीमोठी दिसते. पण डोळा स्पष्ट आला की नाक धूसर, आणि श्वास घेतला की दोन्ही गेलं.

चाळणी काढली. तो हलला नाही. श्वास रोखून, बेडकाचा डोळा स्पष्ट होईपर्यंत मी कॅमेरा जवळ नेला आणि बटण दाबलं. एकच फोटो झाला आणि उजेड गेला. ढग सरकेपर्यंत चाळणी परत घातली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून गॅस बंद करायला धावले.

परत येते तर चाळणी बाजूला आणि सासूबाईंचा हात ग्रिलच्या बाहेर. तळव्यावरून बेडकाने खाली उडी घेतली, संपलं.

"आई, काय केलंत हे? कधी नव्हे ते मला माझं काहीतरी मिळालं होतं."

"कोंडला होता गं बिचारा," त्या म्हणाल्या. मग माझ्या कमरेकडे बघत हात पुढे केला. "आता मला सोड."

मला रडूच आलं. किल्ली मी मुठीत घट्ट धरली. कशी देणार होते?

रोल धुऊन आला. बेडकाचा सोनेरी डोळा लख्ख आला होता, आणि त्यात आमची खिडकी, ग्रिलचे सगळे गज, गजांमध्ये कॅमेरा धरलेली मी.

"मस्त आलाय," हे म्हणाले. "कुठे काढलास?"

"घरीच," म्हटलं. "मी जाणार कुठे?"