काजमावशींची साक्ष

काजमावशींना सगळी गल्ली काजमावशी म्हणते, कारण आयुष्यभर त्यांनी दोनच गोष्टी केल्या: काज आणि बटण. कापायचं मास्तरांनी, शिवायचं कारागिरांनी आणि शेवटी कोट यायचा तो मावशींच्या मांडीवर. बटण लागेपर्यंत कोट म्हणजे नुसतं कापड, असं त्या अजून ऐकवतात, आणि ऐकणारा शिंपी असला तर मुद्दाम ऐकवतात.

आता वय त्रेसष्ट. दुकान सुटलं, पण पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून गल्लीची बटणं लावणं काही सुटलं नाही. मदतीला सून असते. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मावशींनी तिला शिकवलं, म्हणजे बोलून बोलून तिच्या नाकी नऊ आणले. तुझं बटण गिऱ्हाईक दारापर्यंत पोचायच्या आत पडतं, हे वाक्य सुनेला चौदा वर्षांत तोंडपाठ झालं होतं. ती हसायची आणि पुढचा शर्ट ओढायची.

एक दिवस मुलगा कामावरून येताना एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. तीन जिन्यांच्या बंगल्यातल्या खुनांवर कुणीतरी लिहिलं होतं, आणि त्यात आई होती. मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या अशा बसल्या, जणू पुस्तकातून कुणी फोटोच काढणार होतं.

प्रकरण एकेचाळीस वर्षांपूर्वीचं. त्या बंगल्यात एका व्यापाऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला आणि त्यांनीच वाढवलेला पुतण्या पकडला गेला. काकाच्या मुठीत कोटाचं बटण सापडलं होतं, तुटक्या दोऱ्यासकट, आणि पुतण्याच्या कोटाला नेमकं एक बटण कमी होतं. ते सायकलच्या ब्रेकमध्ये अडकून तुटलं, असं तो सांगत होता, पण ऐकतो कोण? त्या वर्षी तसल्या कोटाची अशी टूम होती की अर्धं गाव तोच घालून हिंडत होतं, हेही कुणी ध्यानात घेईना. कोट मावशींच्या दुकानातला, आठवडाभरापूर्वीच नेलेला. बावीस वर्षांच्या मावशी साक्षीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कोटावरची सगळी बटणं माझी, मुठीतलं माझं नाही. मी बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे घालते आणि शेवटचा उलटा घालते. ह्याचे सगळे सुलटे आहेत.

सरकारी वकिलांनी विचारलं, रोज किती बटणं लावता? मावशी म्हणाल्या, दीडशे. आणि सगळी ओळखता? त्यावर मावशींनी वकिलांकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं की साहेबांच्या कोटाचं मधलं बटण घरी लावलंय आणि लावणाऱ्याला घाई होती. कोर्ट हसलं, न्यायाधीशसुद्धा हसले. पुतण्या सुटला. पुढे शाळेत गणित शिकवून तो निवृत्तही झाला. खुनी मात्र कधी सापडला नाही.

पुस्तकवाल्याने काय लिहावं? दिवसाला दीडशे बटणं लावणारी बाई आपलं बटण ओळखूच शकत नाही, कोर्टातला विनोदसुद्धा तिला पढवलेला होता, आणि एका अर्धशिक्षित पोरीच्या शब्दावर खुनी मोकळा सुटला असावा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुलगा वाचता वाचता थांबला. पढवलेली म्हटल्याचं मावशींना काही वाटलं नाही, कारण ते खोटं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती वेगळीच. आपली खरंच चूक झाली असेल तर? दोन माणसं मारणाऱ्याला आपण घरी पाठवलं असेल तर? चार दिवस त्यांनी सुई हातात घेतली नाही. बाजारात गणिताचे सर, म्हणजे तोच पुतण्या, दिसले तेव्हा त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

शेवटी सून म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला? रविवारी सकाळी मुलाने गल्लीतून आणि घरातून वीस शर्ट गोळा केले आणि कुठलं बटण कुणी लावलंय ते कागदावर लिहून खिशात ठेवलं. मावशी चष्मा लावून बसल्या. हे माझं. हे मशीनचं. हे माझं. हे लावणारा पुरुष आहे आणि तो तेव्हा चिडलेला होता. दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याने मान खाली घातली. एकोणीस शर्ट झाले, एकोणीस बरोबर. मावशींचा आवाज चढत गेला होता. विसावा शर्ट त्यांनी नीट पाहिलाही नाही.

"हे माझं."

मुलगा कागदाकडे बघत राहिला. बटण सुनेनं लावलेलं होतं.

सुनेचा चेहरा असा फुलला की तिला तो लपवता येईना. मग तिचं सासूकडे लक्ष गेलं. मावशींनी चष्मा काढून ठेवला होता.

"चुकते मी," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चुकले असेन."

सून खाली बसली. तिने विचारलं, "आई, कोर्टात तुम्ही काय म्हणाला होतात?"

"माझं नाही म्हणाले होते."

"आज विसांत सात बटणं तुमची होती. त्यातल्या एकाला तरी 'माझं नाही' म्हणालात?"

मुलाने कागद वरपासून खालपर्यंत तपासला. एकालाही नाही.

"मग झालं तर. दुसऱ्याचं चुकून आपलं म्हणाल तुम्ही. आपल्याच बटणाला परकं म्हणणं तुमच्या हातून व्हायचं नाही."

मावशींनी मनाशी हिशेब करून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मग खुर्ची हलेपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं. शर्ट पुन्हा उचलून त्यांनी ते बटण जोरात ओढलं. ते जागचं हललं नाही. शेवटचा वेढा उलटा होता.

"कधीपासून असं लावतेस?"

"पाच-सहा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओळखाल असं वाटलं."

मावशींनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तसाच हात पाठीवर ठेवला. मग तिलाच बरोबर घेऊन, चपला घालून, त्या थेट गणिताच्या सरांच्या घरी गेल्या. दार सरांनीच उघडलं. टेबलावर तेच पुस्तक पडलेलं होतं. मावशी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, ते बटण माझं नव्हतंच, आज पुन्हा खात्री करून घेतली, तुम्हाला सांगावं म्हणून आले.

सरांनी दार पुरतं उघडलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं खरं होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"