सात किलोची सॅक

पाठीवर फक्त स्वतःचं ओझं घेऊन आयुष्यात एकदा तरी घराबाहेर पडला आहात का तुम्ही? छातीवर हात ठेवून सांगा. माझ्या आतेभावाने तसं ठरवलं होतं, आणि हलकं होण्याच्या नादात त्याच्याइतकं वजन उचललेला माणूस पिशोरपासून पैठणपर्यंत शोधून सापडायचा नाही.

चाळिशीला टेकलेला हा माणूस चितेगावच्या एका कंपनीत बारा वर्षं कंत्राटी कामगार आहे. कायम होण्याची आशा त्याने सोडली. बर्फ पाहण्याची सोडली नाही. सॅक लावून डोंगर चढणारी पोरं मोबाइलवर पाहून त्याने बेत आखला: जनरलचा डबा, आठ दिवसांची बिनपगारी सुट्टी आणि सात किलोच्या वर तोळाभरही सामान नाही. मुक्कामाचे पैसे वाचवायला भुसावळला मेव्हणी, इटारसीला चुलतमामा, भोपाळला गाववाला. तिथून पुढे थेट हिमाचल. चादर मधोमध फाडून अर्धी त्याने आत्याला परत दिली. म्हणाला, "मी मुटकुळं करून झोपतो, मला एवढी काय करायची?" सरावासाठी सॅकमध्ये तीन विटा घालून तो क्रांती चौकातून कंपनीच्या बसने कामावर जाऊ लागला. पहिल्याच दिवशी सुटताना वॉचमनने सॅक उघडली. "ईंटां कंपनी के हैं. गेटपास दिखाव." आतेभाऊ म्हणाला, "अहो चाचा, सकाळी मीच आणल्या!" "लाते वक्त लिखवाए क्या?" नव्हत्या लिहवल्या. बारा वर्षं घाम गाळणाऱ्याला ज्या कंपनीने साधं ओळखपत्र दिलं नाही, तिने त्याच्या तीन विटा मात्र जमा करून घेतल्या.

पण कंपनी परकी, तिला शिव्या देता येतात. खरा घात आपल्याच लोकांनी केला. पठ्ठ्या निघतोय हे कळताच आत्याच्या ओसरीवर रांग लागली. "भुसावळला चाललाच आहेस तर एवढं लोणचं दे पोरीला." "इटारसीला बाळंतीण हाय, डिंकाचे लाडू तेवढे ने." कुरिअरला पैसे पडतात, आतेभावाला पडत नाहीत! मी संतापून त्याला म्हणालो, "दादा, नाही म्हणायला शिक. तू काय हमाल आहेस?" तो सॅकचा बंद ओढत म्हणाला, "आरं, ज्यांच्या घरी फुकट झोपायचं त्यांच्या लोणच्याला नाय कसं म्हणू?" मला ते पटलं. म्हणून मी भुसावळच्या एका कार्यकर्त्यासाठी मीच लिहिलेल्या दोनशे पत्रकांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. विषय होता, 'सुट्टी हा कामगाराचा हक्क'. भंगारवाल्याच्या काट्यावर सॅक एकोणीस किलो भरली.

तरी हिशेब बरोबर होता. घर येईल तसं ओझं उतरणार, आणि भोपाळनंतर सात किलोच उरणार. त्याच्या बेतात एकच गोष्ट धरायची राहिली: आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. लोणच्याच्या बरणीतून भुसावळचे केळ्याचे वेफर्स निघाले, लाडवांच्या डब्यात इटारसीचा गूळ बसला. प्रत्येक घरी "आलाच आहेस तर एक दिवस राहा" हेही झालंच. भोपाळच्या गाववाल्याने तर गावाकडच्या म्हाताऱ्या आईसाठी अख्खी रजई बांधून दिली. सहावा दिवस उजाडला होता, सॅक तेवीस किलोची झाली होती. आतेभाऊ भोपाळ स्टेशनवर उत्तरेकडे जाणारी गाडी निघून जाईपर्यंत उभा राहिला आणि समोरच्या फलाटावर गेला.

परतल्यावर दोन दिवस तो दारोदार डबे पोचवत होता. माझ्याकडेही आला. भुसावळच्या कार्यकर्त्याने माझ्या दोनशे पत्रकांच्या बदल्यात त्यांची दोनशे पाठवली होती. तो गठ्ठा काढताना सॅकच्या तळाशी एक लोकरीची टोपी दिसली, किमतीची चिठ्ठी अजून तशीच लटकलेली. मी काही बोलण्याआधीच तो हसला. "आसू दे रं. बर्फ काय पळून चाललाय व्हय? संक्रांतीनंतर पुन्हा निघतो." मग टोपीची घडी घालून त्याने ती इतक्या हळुवार आत ठेवली की त्या क्षणी मला माझं सगळं लिखाण जाळावंसं वाटलं.

म्हणून एक विनंती आहे. संक्रांतीनंतर क्रांती चौकात पाठीवर निळी सॅक घेतलेला, टक्कल पडू लागलेला माणूस भेटला, तर कृपा करून "कुठं चाललास?" असं त्याला विचारू नका. तुमची मुलगी त्याच वाटेवर दिली असली तरी विचारू नका. हात मोकळे दिसतील असे वर करा आणि त्याला जाऊ द्या.