चाळिसावा नग

डिस्पॅचवाल्या बाईंना अर्धवट काम कधी जमलंच नाही, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच. लोक कामचुकारपणानं गोत्यात येतात, आमच्या बाई आल्या त्या जास्त काम करून. अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही.

बाई आरशांच्या कारखान्यात होत्या. आरसे खोक्यांत बंद झाले की कुठलं खोकं कुठल्या गाडीत, कुठल्या दुकानात आणि कुणाच्या हातात, हे त्या ठरवायच्या. सव्वीस वर्षं. गोदामाच्या दाराशी त्यांचं लाकडी टेबल, टेबलावर चहाच्या कपाचे गोल गोल डाग, आणि कानावर पेन्सिल. ही पेन्सिल त्या आंघोळीला जातानाच काय ती काढत असतील, असं गेटवरचा वॉचमन म्हणायचा.

मग मालकांनी ठरवलं की आपण फक्त आरसे बनवायचे. गोदाम सांभाळणं, गाड्या, पोचवणं, परत आणणं हे सगळं बाहेरच्या कंपनीला द्यायचं. ज्याचं काम त्यानं करावं. मालकांचं अगदीच चुकलं असंही नाही हो. कारखान्याच्या दोन गाड्या होत्या, त्यातली एक सकाळी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही आणि दुसरी चालू झाली की बंद व्हायची नाही. बाहेरच्या कंपनीनं चकाचक गाड्या आणल्या, ड्रायव्हरच्या हातात मशीन दिलं, आणि सोबत एक साहेब पाठवला. त्याचा टाय इतका घट्ट असायचा की पहिल्याच दिवशी गोदामानं त्याचं नाव ‘टायसाहेब’ ठेवून टाकलं.

पण गंमत बघा. तीन आठवडे झाले, सकाळी वाजतगाजत गेलेल्या मालातला निम्मा माल संध्याकाळी परत. दुकान बंद. गिऱ्हाईक घेत नाही. गाडी आत जात नाही. टायसाहेबांच्या नाकी नऊ आले. शेवटी शुक्रवारी ते बाईंच्या टेबलापाशी आले.

“मॅडम, तुमचं डिपार्टमेंट या महिन्यात बंद होतंय, हे तुम्हाला माहीतच आहे. जुन्या लोकांपैकी एकाला आम्ही घेऊ शकतो. पण का घेतलं, हे मला वर दाखवावं लागतं. गिऱ्हाइकांची माहिती तुमच्याकडे काही लिहिलेली आहे?”

“लिहिलेली?” बाईंनी टेबलाच्या ड्रॉवरवर थाप मारली. “अख्खी वही आहे! कुलपात ठेवलीय.”

“मग सोमवारी पाच वाजता ती घेऊन या. उपयोगाची असेल तर बघू.”

बाईंना आकाश ठेंगणं झालं. पगाराचं सोडा, बाईंना घरी बसायची धास्ती होती. नवरा निवृत्त झाल्यापासून घड्याळं दुरुस्त करत होता, आणि घरात आता बत्तीस घड्याळं होती. बत्तीसच्या बत्तीस वेगळी वेळ दाखवायची. “घरी बसले तर मी रोज बत्तीस वेळा म्हातारी होईन,” असं त्या म्हणायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचा त्या कामावर जीव होता. सकाळी भरलेलं खोकं दुपारी कुणाच्या तरी भिंतीवर नीट लागलंय, या विचारानं त्यांना अजूनही पहिल्या दिवसासारखा आनंद व्हायचा. ते काम गेलं तर आपण काय करायचं, हे त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

तेव्हा शनिवारी बाई दुप्पट उत्साहात. टायसाहेबांचा हुकूम होता, गोदामातल्या प्रत्येक नगावर लेबल हवं. ज्याच्यावर लेबल नाही, ती वस्तू कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नाही. त्यांनी लेबलांची गुंडाळी दिली, बाईंनी लेबलं चिकटवायला घेतली. शेवटची चाळीस लेबलं सोमवारच्या गाडीतल्या शेवटच्या गिऱ्हाइकाची होती. बाईंनी एकोणचाळीस खोक्यांना लावली आणि एक लेबल हातात उरलं. उरणारच! दाढीचे दोन छोटे आरसे बाई नेहमी एकाच खोक्यात घालायच्या, तेवढंच एक खोकं वाचतं. हे मशीनला कुठून माहीत असणार?

आता उरलेलं लेबल शहाण्या माणसानं फेकून दिलं असतं. पण बाई म्हणाल्या, वाया कशाला घालवायचं? आणि ज्याच्यावर लेबल नाही ते अस्तित्वातच नाही म्हणतात, मग माझ्या टेबलानं काय घोडं मारलंय? त्यांनी ते टेबलाच्या पायावर चिकटवलं, हातानं छान दाबून बसवलं, आणि गुणगुणत घरी गेल्या.

सोमवारी सकाळी येऊन बघतात तर खुर्ची आहे आणि टेबल नाही. जमिनीवर चार पायांचे चार डाग. मधोमध बाईंच्या गोदामात घालायच्या चपला.

“अहो वॉचमन! माझं टेबल?”

“गेलं की सात वाजता. शेवटच्या गिऱ्हाइकाचे चाळीस नग भरायचे होते, चाळीस भरले. मशीननं ‘बरोबर’ म्हटलं.”

“अहो, पण ते टेबल आहे!”

“मीही तेच म्हटलं बाई. तर तो ड्रायव्हर म्हणतो, लेबल आहे ना? मग मला काय करायचंय.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ड्रॉवर टेबलात, वही ड्रॉवरमध्ये, आणि पाच वाजता टायसाहेब! हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती. “वस्तूचा प्रकार सांगा, काच की काच नाही?” “माझं स्वतःचं टेबल आहे हो!” “आपण वस्तू पाठवणारे की घेणारे?” “मी त्याच्यावर बसणारी! म्हणजे त्याच्यापाशी!” “क्षमस्व, असा पर्याय नाही.”

एवढं मात्र झालं की बाईंनी लेबलाचा पाठ असलेला नंबर सांगताच वॉचमनच्या फोनवर नकाशा उघडला. त्यावर एक हिरवा ठिपका, जागच्या जागी. बाईंनी बघितलं मात्र, एकदम टाळीच वाजवली. “शाळेच्या गल्लीत अडकलाय मेला! समोरून शिरला असणार. आमच्या वेळचे सगळे तिथंच अडकायचे.”

त्यांनी नवऱ्याला फोन केला. दहाव्या मिनिटाला तो स्कूटरवर हजर, कपाळावर घड्याळजीचं भिंग तसंच चढवलेलं.

“अगं, झालं काय?”

“टेबल पळून गेलंय. चला!”

“टेबलाला पाय असतात हे माहीत होतं,” तो म्हणाला, “पण इतके?”

गल्लीत गाडी बाटलीतल्या बुचासारखी अडकली होती. ड्रायव्हर घामाघूम, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक फुकटचे सल्ले देत होते. बाईंनी स्कूटरवरूनच ओरडायला सुरुवात केली. “मागे घे! आणखी! आता डावीकडे तोडून शाळेच्या मागच्या फाटकातून उलटी आत. मधल्या सुट्टीच्या आधी बाहेर पडलास तर पडलास, नाहीतर बस चारपर्यंत!” गाडी सुटली. पहिलं दुकान त्याच गल्लीत होतं, माल उतरला.

“ताई, तुम्ही देवासारख्या आलात,” ड्रायव्हर म्हणाला.

“ते राहू दे. माझं टेबल दे.”

ड्रायव्हरनं मागचं दार उघडून दाखवलं. टेबल सगळ्यात आत, छतापर्यंत रचलेल्या खोक्यांच्या पलीकडे. शेवटच्या गिऱ्हाइकाचा माल सगळ्यात आधी भरतात, हा नियम बाईंनीच सव्वीस वर्षं शिकवला होता. “मधल्या सगळ्यांचा माल उतरल्याशिवाय ते निघत नाही, ताई. आणि क्रम मोडला तर हे मशीन बोंब मारतं.”

“मग बघतोस काय? चल लवकर!” म्हणत बाई पुढच्या सीटवर चढूनही बसल्या. नवरा मागून स्कूटरवर, जमेल तेव्हा हॉर्न वाजवत.

दुसरं दुकान दोन भावांचं. मधोमध भिंत, बोलणं बंद. मागच्या आठवड्यात ड्रायव्हर तिथून माल घेऊन तसाच परतला होता. बाई म्हणाल्या, “बिल मोठ्याला दे, माल धाकट्याच्या दारानं उतरव, आणि दोघांनाही सांग की दुसऱ्यानं कुरकुर केली.” कुरकुर कुणीच केली नव्हती. पण दोघांनीही खूश होऊन सह्या ठोकल्या. तिसरं दुकान बंद होतं. ड्रायव्हर मशीनवर ‘दुकान बंद’ दाबणार, तोच बाईंनी त्याचं बोट धरलं. “अरे थांब! दुपारी झोपतात इथल्या मालकीणबाई. वरची खिडकी दिसते ना, तिथं हाक मार. दार वाजवलंस तर येणार नाहीत, वसुलीवाले समजतात.” हाक गेली, मालकीणबाई खाली आल्या, जांभया देत पंचवीस आरसे मोजून घेतले. मग बागेसमोरचं दुकान, मग पुलाखालचं. एकही खोकं परत नाही! ड्रायव्हरला आता इतकं हसू येत होतं की तो प्रत्येक दुकानाआधी पैज लावायला लागला. बाईही रंगात आल्या. पेन्सिलीनं डॅशबोर्डवर ताल धरत त्या सांगत होत्या, इथं कुत्रं आहे पण बिनदाताचं, तिथं सही जावई करतो पण विचारायचं सासूला. पाच वाजायचे आहेत, हे त्या पूर्ण विसरल्या होत्या.

शेवटचं दुकान एका म्हाताऱ्याचं. हा गृहस्थ प्रत्येक आरसा तपासून घेतो, आणि तपासायची त्याची एकच रीत आहे. आरशासमोर उभं राहायचं, खिशातून कंगवा काढायचा आणि केस विंचरायचे. भांग सरळ दिसला तर आरसा पास. एकोणचाळीस खोकी, म्हणजे कमीत कमी तासभर.

“याच्यापुढे घाई करायची नाही,” बाई कुजबुजल्या. “घाई केली की हा पुन्हा पहिल्यापासून विंचरतो.”

सगळे गप्प उभे राहिले. नवऱ्यानं वेळ मोजली. साडेतीन वाजता चाळिसावा नग उतरला.

म्हाताऱ्यानं टेबलाभोवती एक फेरी मारली. “याला आरसा कुठाय?”

“ते माझं टेबल आहे. चुकून आलंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईनं ड्रॉवर उघडला. वही होती! त्यांनी ती छातीशी धरली, मग सहज उघडली, आणि पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. पाच ओळी, सात ओळी, मग नुसती कोरी पानं. शेवटची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. दोन भावांच्या दुकानावर लिहिलं होतं, ‘भाऊ एकत्र, स्वभाव गोड.’ दुपारी झोपणाऱ्या बाईंचा तर पत्ताच नव्हता. नऊ वर्षं त्या रोज तो ड्रॉवर पुसत होत्या, कुलूप लावत होत्या, आणि वही एकदाही उघडली नव्हती.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “यात काहीच नाही हो. मी आता काय दाखवू त्यांना?” आणि त्यांचे डोळे भरून आले.

म्हाताऱ्यानं मान पुढे करून वहीतलं स्वतःचं पान वाचलं. “‘म्हातारा. केस विंचरतो. तास धरा.’ नऊ वर्षांपूर्वी मी म्हातारा नव्हतो!” असं म्हणून त्यानं रागानं केस विंचरले. बाईंना रडता रडता हसू फुटलं. नवरा म्हणाला, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगं, आज दिवसभर ही वही होती कुठे?”

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. टायसाहेब होते. स्क्रीनवर सहाच्या सहा दुकानं हिरवी दिसत होती, हे असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यांना वाटत होतं की मशीन बिघडलंय. ड्रायव्हरनं सरळ फोन बाईंना दिला.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. नाही बोलल्या. “साहेब, वही मिळाली, पण ती नऊ वर्षं जुनी आहे. तिच्या भरवशावर गाडी पाठवलीत तर माल परतच येईल. मला आजच कळलं.”

“मग आजची गाडी कुणाच्या भरवशावर गेली?”

बाईंच्या आधी ड्रायव्हरच मागून ओरडला, “साहेब, वहीचं राहू द्या! बाई द्या आम्हाला! मी उद्या यांच्याशिवाय गाडी काढत नाही, सांगून ठेवतो.”

टाय सैल केल्याचा आवाज फोनमधून येत नाही, पण आला असता तर तेव्हाच आला असता. मग साहेब म्हणाले, “मॅडम, उद्यापासून गाड्या तुम्ही भरा. वर काय लिहायचं ते माझं मी बघतो. आणि ते टेबल म्हणे डिलिव्हर झालंय. ते परत कसं मागवायचं, हे मलाही माहीत नाही.”

ते बाईंना माहीत होतं. म्हाताऱ्याला त्यांनी दाढीचा एक छोटा आरसा जास्त मिळेल असं कबूल केलं, त्यानं केस विंचरून विचार केला आणि टेबल सोडलं. सहाच्या आत ते पुन्हा त्याच चार डागांवर उभं होतं. नवरा स्कूटरला टेकून वाट बघत होता. बाई खाली वाकल्या, लेबल नखानं खरवडून काढलं, कानावरची पेन्सिल घेतली आणि टेबलाच्या पायावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘हलवू नये.’