बोर्डावर नसलेला पाना

दुपारचे चार वाजले होते आणि बोर्डावर दहा नंबरचा पाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उद्घाटन होतं. मांडव उभा राहिला होता. कॉलेजच्या फाटकातून आत येताच समोर चौथरा, आणि चौथऱ्यावर आमचं जुनं जेट विमान, नाक वर करून, दौलताबादच्या किल्ल्याकडे तोंड करून. शेपटीला कालच निळा रंग लागला होता. हार कुणी आधी घालायचा यावर ऑफिसात बैठक चालू होती. आणि मी वर्कशॉपमधल्या फळीसमोर उभा राहून एका रिकाम्या आकाराकडे बघत होतो.

बैठक सोडून संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले.

"वॉरंटसाहेब, एक सांगा. हे विमान उडणार आहे का?"

"नाही."

"त्याला इंजिन आहे का?"

"नाही."

"मग पाना आत राहिला तर कुणाचं काय बिघडतंय? दहा नवे आणून देतो."

"आणा. पण हा सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

आबासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या आदल्या दिवशी मुहूर्त चुकलाय म्हणणाऱ्या माणसाकडे बघतात.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. म्हणजे इंजिन सोडून विमानाचा बाकीचा सांगाडा माझा. सव्वीस वर्षं नोकरी केली, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, सिडकोत घर बांधलं. त्यातली सगळ्यात चांगली वर्षं गेली ती दक्षिणेतल्या एका ट्रेनिंग स्क्वाड्रनमध्ये. तिथं विशीतली मुलं जेट उडवायला शिकत. योगायोगानं त्याच स्क्वाड्रनचं एक बाद झालेलं विमान या इंजिनिअरिंग कॉलेजला शोभेसाठी मिळालं. विमान सुटं करून ट्रेलरवर येतं. ते पुन्हा जोडायला जाणकार माणूस हवा आणि नीट जोडलंय असं त्यानं लिहून द्यावं, ही देणाऱ्यांची अट होती. गावात जाणकार मी.

शिवाय चौथऱ्यावर लावायच्या ग्रॅनाइटच्या पाटीसाठी स्क्वाड्रनचा इतिहास मीच लिहावा, असंही ठरलं. मी लिहिला: 'या स्क्वाड्रनने कधीही युद्ध लढले नाही. तिने युद्ध लढणारी माणसे शिकवली. रोज सकाळी एक अनुभवी माणूस एका घाबरलेल्या मुलाशेजारी बसत असे, आणि एके दिवशी मुलाला एकट्याला सोडून खाली उतरत असे. त्या दिवशी मुलगा परत येईपर्यंत खाली कुणी चहा पीत नसे.'

आबासाहेबांनी ते दोनदा वाचलं. "छान आहे. पण यात गरुड कुठंय?"

गरुड नव्हता. तो मराठीच्या सरांनी घातला. पाटीवर आता 'नभांगणाचा गरुडराज, शत्रूच्या उरात धडकी भरवणारा' असं कोरलेलं आहे. आमच्यामुळे शत्रूला धडकी भरल्याचं मला तरी आठवत नाही. धडकी भरायची ती शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला. मुलगा एकट्यानं उडून सुखरूप उतरला की त्याच्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि त्यानं आम्हा मेकॅनिकांना जिलेबी द्यायची, हा आमचा सगळा रणसंग्राम.

पण एका बाबतीत आम्ही कुठल्याही लढाऊ स्क्वाड्रनइतके कडक होतो. हत्यारं मोजण्यात.

प्रत्येक हत्याराची जागा एका फळीवर ठरलेली. फळी पांढरी, आणि प्रत्येक जागी त्या हत्याराचा आकार लाल रंगात काढलेला. याला शॅडो बोर्ड म्हणतात. हत्यार टांगलं की लाल दिसत नाही. काढलं की दिसतं. काम संपल्यावर फळीवर एकही लाल आकार दिसता कामा नये. दिसला तर विमान जागेवर थांबतं, कारण विसरलेला पाना हवेत कुठल्या तारेत, कुठल्या रॉडमध्ये अडकेल सांगता येत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही मी पहिल्याच दिवशी अशी फळी रंगवून घेतली. मदतीला दिलेले चार मेकॅनिक हसले. हसू दे.

पाचवा मदतनीस मी स्वतः बोलावला होता. गफूर. खुलताबादला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्वाड्रनमध्ये आम्ही दोघं एकाच शिफ्टला, दोघंही कॉर्पोरल. आमच्या भागातली आम्ही दोघंच, त्यामुळे भाकरी आणि शिव्या दोन्ही वाटून.

ट्रेलर आला त्या दिवशी मी जुन्या रंगाखालचा नंबर वाचला आणि त्याला फोन लावला.

"गफूर, आपलं जहाज आलंय." हवाई दलात विमानाला आम्ही जहाजच म्हणतो.

"कौनसा?"

मी नंबर सांगितला. पलीकडे चालू पंपाची धडधड बंद झाली.

"वोइच?"

"तेच."

"सुबे आता मैं."

तीसेक वर्षांपूर्वी याच जहाजावर गफूर शेपटीकडच्या भागात काम करत होता. काम संपलं आणि त्याच्या फळीवर एक लाल आकार उरला. छोट्या, ठेंगण्या स्क्रूड्रायव्हरचा. त्या दिवशी सगळ्या स्क्वाड्रनचं उड्डाण बंद झालं. ऑफिसरांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एका रांगेत उभे राहून धावपट्टीवर डोळे लावून चालले. जहाज उघडलं. दोन दिवस शोधलं. मिळाला नाही.

गफूर एकच सांगत होता. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला आणि शेवटच्या फ्रेममागच्या पत्र्याच्या फटीत गेला. चौकशी करणाऱ्या इंजिनिअरिंग ऑफिसरनं ड्रॉइंग मागवलं. ड्रॉइंगमध्ये ती फट आठ मिलिमीटरची. स्क्रूड्रायव्हरची मूठ पंचवीस मिलिमीटरची. जाणं शक्य नाही. म्हणजे हत्यार जहाजात नाही. जहाजात नाही म्हणजे माणसाकडे आहे. मला विचारलं, तुम्ही पडताना पाहिला? मी पाहिला नव्हता. "नाही, सर," म्हणालो. खरं तेच बोललो. गफूरच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लाल शाईनं शेरा आला: निष्काळजीपणा आणि खोटं विधान. हवाई दलात लाल शाई पुसली जात नाही. माझ्या दंडावर सार्जंटची तिसरी फीत आली, त्याच्या आली नाही. पंधरा वर्षं भरल्यावर तो घरी आला आणि पंप दुरुस्त करू लागला. निष्काळजीपणाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. खोटं विधान हे दोन शब्द त्याच्या घशात राहिले.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "पत्रा खोल के देखूं क्या?"

मी म्हणालो, "आधी पंख जोडू."

दुसऱ्या दिवशी म्हणाला. मी म्हणालो, "क्रेन उद्याच मिळतेय." तिसऱ्या दिवशी शेपटीला रंग लागला. मग तो म्हणाला नाही. मलाही बरं वाटलं. शेपटीचं पॅनल उघडायचं म्हणजे ताजा रंग खरवडणं, आणि वेळेवर काम देणारा माणूस म्हणून माझी गावात थोडी प्रतिष्ठा आहे. शिवाय आत काही मिळालं नाही तर गफूरकडे बघायचं कसं, हाही प्रश्न होता.

आणि आता उद्घाटनाच्या आदल्या दुपारी दहा नंबरचा पाना गायब.

"दोन तास," आबासाहेब घड्याळ बघत म्हणाले. "सहाला रोषणाईवाला येणार. आणि रंगाला हात लागता कामा नये."

"ते सांगता येत नाही."

"लई अवघड माणूस आहात बुवा तुम्ही!"

चारही मेकॅनिकांना मी पंखांच्या सांध्यांपाशी पाठवलं. दहाचा पाना सकाळी तिथंच वापरला होता. त्यातला एक, रावसाहेब, कॉकपिटमध्ये डोकं घालून ओरडला, "इथं नाय! इथं एक मेलेली पाल हाय!"

"पालीचा आकार फळीवर नाही. पुढं बघा."

तेवढ्यात माझं लक्ष गफूरकडे गेलं. तो पंखांकडे फिरकलाच नव्हता. शिडी खांद्यावर घेऊन थेट शेपटीकडे निघाला होता. दहा नंबरचा पाना त्या बाजूला कुणी या चार दिवसांत नेला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पँटच्या डाव्या खिशाकडे पाहिलं. खिसा जरा जड वाटत होता.

खरं म्हणजे मी त्याला तिथंच थांबवायला हवं होतं. नियम तसाच आहे. मी जाऊन शिडी धरली.

"रंग जाएगा," गफूर वरून म्हणाला.

"जाऊ दे. नियम म्हणजे नियम."

तो गालात हसला. पॅनलचे स्क्रू निघाले, निळ्या रंगाचे पापुद्रे माझ्या डोक्यावर पडले. मग आतला पत्रा. त्याला चोवीस स्क्रू. मी मोजत होतो. शेवटचा निघाल्यावर त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. फिटर लोक असेच बघतात. बोटांनी.

त्याचा चेहरा मला दिसत होता. आधी काहीच नव्हतं. मग भुवया वर गेल्या. मग तो आत कुणाशी तरी भांडल्यासारखा जोर लावू लागला.

"अटका है," तो पुटपुटला. "छोडताच नै. आ जा बाबा, आ जा. तीस साल हो गए, अब घर चल."

कट्ट असा आवाज झाला आणि हात बाहेर आला. हातात काळा पडलेला, ठेंगणा स्क्रूड्रायव्हर. त्यानं तो शर्टाला पुसला. मुठीवर आमच्या टूल किटचा कोरलेला नंबर होता. मीही वाचला. त्यानं पुन्हा वाचला. मग आम्ही दोघांनी मिळून वाचला.

आणि गफूर हसायला लागला. शिडीवर बसून, एका हातानं विमानाच्या शेपटीला मिठी मारून, दुसऱ्यानं पोट धरून हसला. "मैं बोल्या था ना! बोल्या था ना मैं!" रावसाहेबाला काही कळलं नव्हतं, तरी तो टाळ्या वाजवू लागला, बाकीचेही वाजवू लागले. मी शिडी सोडली नाही, कारण आता तो पडायची शक्यता जास्त होती.

नंतर मी टॉर्च घेऊन आत पाहिलं. फट सगळीकडे आठ मिलिमीटरच होती. फक्त वरच्या कोपऱ्यात, जिथं पत्रा हातोडीनं वळवला होता, तिथं दोन बोटं जात होती. मूठ तिथून आत शिरली आणि खाली अरुंद जागेत पाचरीसारखी बसली. त्या बाजूनं कंट्रोलचा एकही रॉड जात नाही, हे नशीब. कितीतरी मुलं या जहाजात बसून हवेत कोलांट्या मारायला शिकली, त्यांच्यासोबत तो स्क्रूड्रायव्हरही शिकला.

आबासाहेब धावत आले. "सापडला?"

"सापडला."

"हा पाना आहे?"

"नै साब," गफूर म्हणाला, आणि डाव्या खिशातून दहा नंबरचा पाना काढून त्यानं अदबीनं त्यांच्या हातात दिला. "पाना ये है."

आबासाहेबांनी आधी त्याच्याकडे, मग शेपटीच्या उघड्या भोकाकडे पाहिलं. मी त्यांना बाजूला नेऊन सगळी हकिकत सांगितली. त्यांनी खाली पडलेला निळा पापुद्रा उचलून पाहिला. "रंगाऱ्याला बोलवा," म्हणाले. "आणि यांना चहा सांगा." माणूस वाईट नाही. गरुडाची तेवढी हौस आहे.

सकाळी अकराला सनई, फुलं, ड्रोन, सगळं झालं. प्रमुख पाहुणे निवृत्त एअर मार्शल होते. म्हणजे त्या काळचे आमचे इंजिनिअरिंग ऑफिसर. ड्रॉइंग मागवणारे. ते येणार हे पत्रिकेत छापलेलं होतं, आणि गफूरला वाचता येत होतं. तो करड्या शेरवानीत आला होता. साहेब विमानापाशी आले तसा तो दोन पावलं पुढं झाला, टाचा जुळवून खाडकन सॅल्यूट ठोकला आणि दोन्ही तळव्यांवर स्क्रूड्रायव्हर पुढं केला.

"सर, टूल जमा करना है."

साहेबांनी चष्मा लावला. नंबर वाचला. मग चष्मा काढून गफूरकडे पाहिलं.

"कॉर्पोरल गफूर."

"जी सर."

"कहां मिला?"

"आखरी फ्रेम के पीछे, सर. जहां मैं बोल्या था."

मागं बँडवाल्यांना थांबायला सांगावं लागलं. साहेब शेपटीकडे चालत गेले. रंगाऱ्यानं नवा निळा लावला होता, पण तो जुन्या निळ्याशी जुळला नव्हता. पॅनलचा चौकोन लांबूनही दिसत होता.

"ड्रॉइंग में तो आठ मिलिमीटर था," ते शेवटी म्हणाले.

"सर," गफूर म्हणाला, "जहाज ने ड्रॉइंग नै देखी थी."

साहेब आधी गडबडले, मग मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी आबासाहेबांकडे लाल पेन मागितलं. कॉलेजात लाल पेनाला तोटा नसतो, परीक्षा विभागातून चार आली. निमंत्रणपत्रिकेच्या मागं साहेबांनी उभ्या उभ्या लिहिलं: 'स्क्रूड्रायव्हर एक, सुस्थितीत मिळाला. कॉर्पोरलचं विधान खरं होतं. चूक माझी.' खाली सही केली.

या कागदाला सरकारी किंमत शून्य. रेकॉर्डमधला शेरा जिथं आहे तिथंच आहे. पण खुलताबादच्या दुकानात, पंपांच्या किमतींच्या फळ्याशेजारी, गफूरनं तो फ्रेम करून लावलाय. गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी तो सांगतो.

स्क्रूड्रायव्हर कॉलेजच्या शॅडो बोर्डावर टांगलाय. त्याच्यासाठी लाल आकार मीच रंगवला. गरुडराजाची पाटी आहे तशीच आहे. ती कुणी वाचत नाही. मुलं शेपटीवरचा वेगळ्या निळ्याचा चौकोन दाखवून विचारतात, हे काय, आणि स्क्वाड्रनचा इतिहास तिथून सुरू होतो.

मी शिकलो ते एवढंच. हत्यार हरवलं तर ड्रॉइंग नंतर बघावं, ज्याच्या हातून पडलं त्याला आधी विचारावं. आणि मोजणी संपल्यावर जुन्या मित्राचे खिसे तपासू नयेत. निदान पहिले दोन तास.