गजावर वाळणारा बँड

कोर्टासमोरच्या छोट्या ऑफिसात, खिडकीच्या गजावर वकीलबाईंचा गळ्यातला पांढरा बँड वाळत होता. आपण वकील व्हावं का, हे ठरवण्याआधी त्यांचं काम समजून घ्यायला मी गेले होते. कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी. पहिलाच प्रश्न न्यायाबद्दल विचारला.

त्या हसल्या. "न्यायाचं नंतर बघू. तुला थांबता येतं का? आमचा निम्मा दिवस कोर्टात आपल्या खटल्याच्या पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो."

"कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण बाकावर शेजारी अशील बसलेला असतो. आपण उठलो की त्याचा धीर सुटतो."

हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. माझा उत्साह विझायला हवा होता, पण उलट मी पेटलेच. दवाखान्यांत, कचेऱ्यांत किती माणसं अशी कुणाच्या तरी शेजारी बसून असतील, आणि केवढ्या लढाया त्यांच्या त्या बसण्यावर उभ्या असतील!

बाईंनी बँड चाचपला. अजून दमटच होता. तसाच गळ्यात बांधत त्या म्हणाल्या, "पुकारा व्हायचाय. येतेस बसायला?"

मी त्यांच्याआधी जिन्यात पोचले होते.