बोरला लागलेलं पाणी

जमिनीत वीज सोडून पाणी शोधायचं, हा माझा धंदा. चार लोखंडी सळया ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, वायरी जोडायच्या आणि यंत्रावरचा आकडा वाचायचा. कोरडा काळा दगड वीज अडवतो, ओल असली की ती सुरळीत जाते आणि आकडा खाली येतो. निम्मं आयुष्य सळया ठोकण्यात गेलं, उरलेलं त्या उपसण्यात. हल्ली खांदा दुखतो आणि काम लवकर संपवणारा आकडाच खरा वाटतो.

नाशिकबाहेर झेंडू आणि मेथी पिकवणाऱ्या एका मावशींच्या रानात गेलो, तो त्या दिवसातला तिसरा सर्वे. त्यांची विहीर आटली होती. सातपूरच्या कारखान्यात असलेल्या मुलानं बजावलं होतं की बोरला पाणी लागलं नाही तर आईनं त्याच्या दोन खोल्यांत यायचं. मावशींना जायचं नव्हतं. "तिथं माती कुंडीत असती," म्हणाल्या. "दारापुढंच पाणी दावा, साहेब."

"मावशी, पाणी माझं ऐकत नाही."

"मग तुमचं काय कामाचं यंत्र!"

पुरलेलं लोखंड असलं की हे यंत्र पाणी सोडून त्याच्यावरच भाळतं. म्हणून दर वेळी विचारायचं ते विचारलं, "रानात जुनी पाइपलाइन वगैरे?"

"आमची नाय."

झालं. मी सळया ठोकायला लागलो.

आकडा उतरला तो या बांधापासून त्या बांधापर्यंत, पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ रेघेत. मी हरखलो. पाळी संपवून आलेल्या मुलाला दगडातल्या भेगांवर भाषण दिलं. तो जांभई आवरत म्हणाला, "नक्की ना?"

"लिहून देतो!" लिहून काही दिलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती.

बोरची गाडी आली. मावशींनी रानातल्या झेंडूची माळ गाडीला घातली, नारळ फुटला. खोदाई कमरेइतकीही गेली नसेल, तोच पाणी उसळलं! सगळे चिंब. मावशी पदर पिळत हसत होत्या. गाडीवाला म्हणाला, "इतक्या वर पाणी मी कधी बघितलं नाय." मीही बघितलं नव्हतं. पण तेव्हा मी छाती काढून फोटोला उभा होतो.

मग धार मंदावली आणि बांधावरून शेजारी ओरडत आला. "मोटर चालू होती आन् टाकीत थेंब नाय! माझी लाइन कुणी फोडली?"

मी मावशींकडं वळलो. "अहो, तुम्ही तर नाही म्हणालात!"

"आमची नाय म्हनले. ह्याच्या बापानं पुरलेली हाय. कुणाची, ते तुम्ही कुठं इचारलं?"

शेजाऱ्याची लाइन मी जोडून दिली. गाडी थोडी सरकवून, मी कोऱ्या चेहऱ्यानं दाखवलेल्या दुसऱ्या जागी पुन्हा खोदलं. खोल, आणखी खोल. नुसती राखाडी धूळ. ती आमच्या भुवयांवर बसत गेली. मुलानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "आई, चल आता." मावशींनी गाडीवरची माळ काढून घेतली. ती घेऊन मुलामागं चालू लागल्या.

आता माझा प्रश्न लांबलाय. तुमची, शेजाऱ्याची, आधीच्या मालकाची, कुणाचीही पाइपलाइन? लोक वैतागतात.

परवा मावशींचा फोन आला, सातपूरहून. "साहेब, हितं नळाला धड पाणी येत नाय. तुमचं यंत्र घेऊन या, पाइप तरी सापडंल."

मी हसलो. त्याही हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "पाऊस झालाय म्हनं तिकडं. हिरीत काय उतरलं का, बघशाल? उतरलं असंल तर पोराशी बोलते."

बघून सांगतो म्हणालो. विहिरीत डोकावायला यंत्र लागत नाही. तेवढं जमेल मला.